बाळाचं कॉलिक: आईबाबांना पडणारे नेहमीचे प्रश्न

कॉलिक म्हणजे नक्की काय असतं?

नीट दूध पिणारं, वजन व्यवस्थित वाढणारं, तपासणीत काहीही न सापडलेलं बाळ रोज बराच वेळ रडतं आणि काही केल्या शांत होत नाही, त्याला कॉलिक म्हणतात. १९५४ साली मॉरिस वेसेल नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनचा नियम मांडला होता, म्हणजे दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात ३ पेक्षा जास्त दिवस आणि असं ३ आठवड्यांहून जास्त चाललं तर कॉलिक. हा नियम अजून सगळीकडे वाचायला मिळतो पण प्रत्यक्षात कुठलेच आईबाबा ३ आठवडे घड्याळ लावून बसू शकत नाहीत आणि बसूही नये. २०१६ मध्ये आलेल्या रोम ४ निकषांमध्ये, म्हणजे पोटाच्या तक्रारी ओळखण्यासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या नियमांमध्ये, डॉक्टरांनी रोजच्या तपासणीत वापरायची जी व्याख्या आहे त्यात तासांचा हिशोबच काढून टाकलाय. बाळ ५ महिन्यांच्या आतलं, रडणं पुन्हा पुन्हा होणारं आणि लांबणारं, कारण सापडत नाही, आईबाबांना ते थांबवता येत नाही, आणि ताप, आजार किंवा वाढ खुंटल्याची काही खूण नाही, बस एवढंच बघतात.

किती बाळांना होतं? साधारण पाचातल्या एकाला, व्याख्या बदलली की आकडा वरखाली होतो. मुलगा असो मुलगी असो, अंगावरचं दूध असो की बाटलीचं, सगळ्यांना सारखंच.

हे कॉलिकच आहे हे ओळखायचं कसं?

आधी वेळ बघा. बऱ्याच बाळांचं हे संध्याकाळी किंवा रात्री आणि रोज जवळपास त्याच सुमाराला सुरू होतं. दिवसभर छान असतं, आत्ताच दूध प्यायलंय, डायपर कोरडा आहे आणि एकदम टिपेला सूर लागतो. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी घेतं, मग पाय ताठ करून पाठीची कमान करतं, पोटाला हात लावला तर टणक लागतं, मध्येच गॅस सुटतो, क्षणभर थांबतं आणि परत तेच.

भुकेचं रडणं वेगळं असतं, भुकेलं बाळ आधी तोंड इकडेतिकडे वळवतं, हात तोंडात घालतं, चुळबुळ करतं आणि दूध मिळालं की थांबतं. कॉलिकमध्ये छातीशी धरलं तर दोन घोट घेतं, सोडतं, परत किंचाळतं, उभं धरा आडवं धरा पाच मिनिटं बरं वाटतं की परत सुरू. आणि मग तास दोन तासांनी आपलं आपणच थांबतं, बाळ शांत झोपी जातं आणि तुम्ही तिथेच थरथरत बसलेले.

मी सगळ्यात जास्त लक्ष कशाला देईन तर दोन रडण्यांच्या मधल्या वेळात बाळ कसं आहे याला. तेव्हा डोळ्यांत बघतंय, दूध ओढून पितंय, हातपाय जोरात हलवतंय, शी-शू नेहमीसारखी आहे, तर कॉलिक असण्याची शक्यता जास्त. मधल्या वेळातही मलूल पडून असेल तर कॉलिक म्हणून सोडून देऊ नका. आणि हो, पहिल्यांदा एवढं रडतंय तर एकदा डॉक्टरांनी कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत तपासल्याशिवाय घरच्या घरी कॉलिक ठरवू नका, कोणी कितीही अनुभवी असलं तरी.

कधी सुरू होतं आणि थांबतं कधी?

साधारण दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, आणि तिसऱ्या चौथ्या महिन्यात ओसरतं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर ही मोजणी डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून करायची, जन्मतारखेपासून नाही, त्यामुळे अशा बाळाचं रडणं उशिरा सुरू झालंय असं वाटू शकतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या म्हणजे जरा धीर येतो. १९६२ साली ब्रेझेल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी निरोगी बाळांच्या आयांकडून रडण्याची रोजची नोंद ठेवून घेतली होती, त्यात साध्यासुध्या, कॉलिक वगैरे काही नसलेल्या बाळांचं रडणंसुद्धा सहाव्या आठवड्यात दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास पोचलेलं दिसलं आणि मग ते उतरत गेलं. म्हणजे सगळीच बाळं हा चढ चढतात, कॉलिकवाल्या बाळाचा चढ जास्त उंच असतो. त्यामुळे पाचव्या आठवड्यात रडणं वाढलं तर तुमचं काहीतरी चुकतंय असा अर्थ काढू नका, ते तसंच वाढणार होतं.

कशामुळे होतं? गॅसमुळेच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं एकच ठाम उत्तर अजून कोणाकडेच नाही. गॅसचं म्हणाल तर बाळ रडताना भरपूर हवा गिळतं, मग पोट फुगतं, मग गॅस सुटतो, म्हणजे बऱ्याचदा गॅस हा रडण्याचा परिणाम असतो, आपण त्याला कारण धरून बसतो. पोटाचा काहीच संबंध नाही असंही नाही, कॉलिक असलेल्या बाळांच्या आतड्यातले जिवाणू इतर बाळांपेक्षा थोडे वेगळे असल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. काही बाळांमध्ये गाईच्या दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी निघते. आईने गरोदरपणात सिगरेट ओढली असेल तर प्रमाण जास्त दिसतं. आईला मायग्रेन असेल तर बाळाला कॉलिक असण्याची शक्यता जास्त, असंही आढळलंय आणि त्यामुळे काही डॉक्टरांना वाटतं की हे मेंदूशी संबंधित असावं. आणि नवजात बाळाची मज्जासंस्था अजून तयार होत असते, दिवसभराचा उजेड, आवाज, माणसं, हे सगळं संध्याकाळपर्यंत साठतं आणि त्याला स्वतःला शांत करता येत नाही, हाही एक विचार आहे.

यात कुठेही आई टेन्शन घेते म्हणून बाळ रडतं असं नाहीये. बाळ रडतं म्हणून आईला टेन्शन येतं. हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

माझं दूध कमी पडतंय का?

वजन बघा, रडणं बघू नका. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं आणि पहिला आठवडा संपला की २४ तासांत सहाच्या आसपास किंवा जास्त डायपर शूने ओले होतात. हे होत असेल तर दूध पुरतंय. निव्वळ संध्याकाळच्या रडण्यावरून अंगावरचं दूध बंद करून बाटली सुरू करणाऱ्या आया खूप आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बाळ तरीही रडतंच, आणि आईच्या मनात मात्र आपण कमी पडलो हे बसतं ते बसतंच. शंका असेल तर स्तनपान सल्लागाराला किंवा नर्सला बाळ पिताना दाखवा, पकड नीट नसेल तर बाळ दुधाबरोबर हवा गिळतं आणि ते दुरुस्त होण्यासारखं असतं.

कोणत्या खुणा दिसल्या तर कॉलिक समजून थांबायचं नाही?

हे नीट वाचा, दोनदा वाचा.

३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर लगेच दवाखाना, रात्र असली तरी, घरी तापाचं औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही. हिरव्या रंगाची उलटी झाली तर तीसुद्धा इमर्जन्सी, आतडं अडकल्याची किंवा पिळ पडल्याची शक्यता असते. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दूध प्यायल्यावर प्रत्येक वेळी फवाऱ्यासारखी लांब उलटी उडत असेल आणि बाळ परत लगेच भुकेलं होत असेल तर जठराचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. शीमध्ये रक्त, दूध प्यायला नकार, शू कमी होणं, बाळ ढिलं पडणं किंवा उठवून उठत नसणं, टाळू फुगलेली दिसणं, श्वासाला त्रास, ओठ निळसर, झटके, किंवा रडण्याचा आवाजच बदलून क्षीण नाहीतर विचित्र किरटा होणं, यातलं काहीही असेल तर वेळ घालवू नका.

कधी न रडणारं बाळ एकाएकी रडायला लागलं आणि थांबतच नाहीये, हेही कॉलिकसारखं नाही. अशा वेळी पूर्ण कपडे काढा, मोजेसुद्धा. हातापायाची बोटं एकेक करून बघा, आईचा गळलेला केस किंवा मोज्यातला दोरा बोटाला गुंडाळला जातो आणि बोट सुजून लाल जांभळं होतं, केस इतका बारीक असतो की सुजेत रुतून दिसतच नाही, उजेडात धरून बघावं लागतं. मुलगा असेल तर शिश्नाला पण बघा. जांघेत गाठ किंवा सूज आहे का बघा, हर्निया अडकलेला असू शकतो. एक डोळा सारखा मिटून घेत असेल आणि पाणी येत असेल तर नखाने बुबुळावर ओरखडा उठलेला असतो कधीकधी. बाळ कुठून पडलं असेल, कोणाच्या हातून निसटलं असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

आणि या यादीत काहीच बसत नसेल पण तुमचं मन म्हणतंय काहीतरी बरोबर नाही, तर तेवढं कारण पुरेसं आहे जायला.

रडणं सुरू झालं की नेमकं करायचं काय?

एकच उपाय सगळ्या बाळांना चालत नाही आणि काल चाललेला आज चालेल याचीही खात्री नाही. पण एकामागून एक करून बघण्यासारखं बरंच आहे.

आधी उजेड कमी करा, टीव्ही बंद, माणसं कमी. बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून धरा किंवा हातावर पालथं घ्या, म्हणजे त्याचं पोट तुमच्या हातावर, डोकं कोपराच्या खळग्यात आणि पाय दोन्ही बाजूंना लोंबते. हे फक्त हातात असताना. झोपवायचं नेहमी पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, उशी पांघरूण खेळणी काही नको.

कडेवर घेऊन चालणं खरंच उपयोगी पडतं. २०२२ मध्ये जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला होता, त्यात रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं न थांबता चाललं तर बरीच बाळं शांत झाली, आणि झोपल्या झोपल्या लगेच खाली ठेवलं तर जागी झाली पण ५ ते ८ मिनिटं मांडीवर घेऊन नुसतं बसलं आणि मग ठेवलं तर झोप टिकली. करून बघा, खर्च काही नाही. चालताना एका लयीत चाला, दर मिनिटाला पद्धत बदलू नका, आपण घाबरून थोपटतो, हलवतो, खुळखुळा वाजवतो, दुसऱ्याकडे देतो आणि बाळ अजूनच बिथरतं.

हलकं गुंडाळलं तर काही बाळांना बरं वाटतं, फक्त कमरेपासून खाली सैल ठेवा, पाय वाकवता आले पाहिजेत नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो, आणि बाळ कुशीवर वळायला लागल्याची पहिली खूण दिसली की गुंडाळणं कायमचं बंद. पंख्याचा किंवा पावसाचा एकसारखा आवाज चालतो पण मशीन किंवा फोन बाळापासून लांब ठेवा आणि आवाज बारीक, कानाशी फोन धरून मोठ्याने लावू नका. कोमट पाण्याने आंघोळ, पोटावरून घड्याळाच्या दिशेने हलका हात, पाय सायकलसारखे हलवणं, चोखणी, हे सगळं करायला हरकत नाही. गाडीत फिरवून बाळ झोपलं तर पोचल्यावर कार सीटमधून काढून सपाट जागी झोपवा.

बाटलीचं दूध असेल तर बाळाला जरा उभं धरून पाजा, बाटली अशी तिरकी धरा की निपलमध्ये हवा राहणार नाही. ढेकर काढा पण त्यासाठी अर्धा अर्धा तास पाठ थोपटत बसू नका, ढेकर काढल्याने कॉलिक कमी होतं असं अभ्यासात दिसलेलं नाही.

ड्रॉप्स, ग्राइप वॉटर, प्रोबायोटिक, यातलं काय द्यायचं?

सिमेथिकोनचे गॅसचे ड्रॉप्स सगळ्यात जास्त दिले जातात. ते बहुतेक बाळांना सुरक्षित आहेत पण आत औषध नसलेल्या नुसत्या दिखाव्याच्या थेंबांपेक्षा जास्त फायदा होतो असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमध्ये आलं, पूर्वी त्यात अल्कोहोल असायचं, आता बहुतेक कंपन्यांनी काढलंय, पण कॉलिकवर उपयोग होतो याचा पुरावा आजही नाही आणि प्रत्येक कंपनीची बाटली वेगळी, आत काय काय आहे ते वेगळं.

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला चांगले जिवाणू, त्यात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाच्या जिवाणूचा एक ठरावीक प्रकार आहे, डीएसएम १७९३८, त्याने फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांचं रडणं कमी झाल्याचं बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. बाटलीचं दूध पिणाऱ्यांमध्ये तसं ठोस दिसलं नाही. द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

डायसायक्लोमिन हे नाव मात्र लक्षात ठेवा. पोटदुखीचं जुनं औषध आहे, ६ महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये श्वास अडकणं, झटके येणं, मृत्यूसुद्धा झाल्याचं नोंदलं गेलंय म्हणून या वयात ते देत नाहीत. घरात जुनी बाटली पडलेली असेल, मोठ्या भावंडाच्या वेळची, तर देऊ नका. अ‍ॅसिडिटीची औषधंसुद्धा निव्वळ रडण्यासाठी देऊन फायदा नाही. मध चाटवू नका, १ वर्षाच्या आत मधातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. पाणी, काढे, अर्क हेही ६ महिन्यांच्या आत नको, एवढ्याशा पोटात दुधाची जागा जाते.

मी काय खायचं बंद करू?

सरसकट काहीच नाही. आधीच झोप नाही, त्यात आईचं अर्धं जेवण बंद करायचं आणि बाळाने रडायचं ते रडतच राहायचं, असं नको. पण रडण्याबरोबर शीमध्ये रक्त किंवा चिकट आव, अंगावर एक्झिमा म्हणजे खाजरे कोरडे चट्टे, वारंवार उलट्या, वजन अडणं असं काही असेल तर गाईच्या दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असू शकते. मग डॉक्टर आईला २ ते ४ आठवडे दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ बंद करायला सांगतात, फरक पडला तर परत सुरू करून खात्री करतात. फरक नाही पडला तर पुन्हा सगळं खायला लागा. बाटलीवरच्या बाळाला प्रोटीन बारीक तोडलेला खास फॉर्म्युला देतात. दर दोन दिवसांनी डबा बदलून बघणं याने काही साध्य होत नाही.

सारखं उचलून घेतलं तर सवय लागेल का?

नाही. या वयाचं बाळ लबाडी करत नाही, त्याला ती येतच नाही. घ्या उचलून.

मला आता सहन होत नाहीये, कधीकधी बाळाचा राग येतो. मी वाईट आई आहे का?

नाही. दोन तास कानाशी किंचाळणं, झोप तुटलेली, अंग अजून बाळंतपणातून सावरलेलं नाही, अशा वेळी राग येणं, हात थरथरणं, पळून जावंसं वाटणं हे खूप जणींना आणि खूप बाबांनाही होतं, बोलत मात्र कोणी नाही. राग येणं आणि रागाच्या भरात काही करणं यात अंतर आहे, ते अंतर ठेवता येतं आणि त्यासाठी आधीच ठरवून ठेवा.

राग डोक्यात जातोय असं वाटलं की बाळाला त्याच्या पाळण्यात पाठीवर झोपवा, खोलीबाहेर या, दार ओढून घ्या. ५ ते १० मिनिटं. तोंडावर पाणी मारा, कोणाला तरी फोन करा, रडा हवं तर. मग जाऊन बाळाला बघा. सुरक्षित जागी रडत पडलेल्या बाळाला त्या दहा मिनिटांत काही होत नाही. पण बाळाला धरून गदगदा हलवलं तर काही सेकंदांत मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, दृष्टी जाऊ शकते, जीवसुद्धा जाऊ शकतो, कारण मान कमकुवत आणि डोकं जड. असं बहुतेक वेळा दुष्ट माणसाच्या हातून होत नाही, थकलेल्या माणसाच्या हातून, रडणं थांबत नाही या एकाच कारणाने होतं. म्हणून बाळाला जो जो सांभाळणार आहे, बाबा, काका, आजी, सांभाळणारी बाई, त्या प्रत्येकाला हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा, वाईटपणा आला तरी चालेल. चुकून असं झालंच असेल तर लगेच दवाखान्यात न्या आणि काय झालं ते खरं सांगा.

आणि स्वतःकडे बघा. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येणं, मन हळवं होणं बऱ्याच जणींना होतं. त्यापुढेही उदास वाटतंय, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नाही, कशातच मन नाही, किंवा स्वतःला नाहीतर बाळाला इजा करण्याचे विचार येतात, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. इजेचे विचार असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, थांबायचं नाही, आणि तोवर एकटं राहू नका.

घरातल्यांनी काय मदत करावी?

बाळ हातात घ्यावं आणि आईला दुसऱ्या खोलीत पाठवावं, शक्य असेल तर घराबाहेर, जिथे रडणं ऐकू येणार नाही. पाळी लावून घ्या, प्रत्येकी अर्धा तास, आणि ज्याची पाळी नाही त्याने मध्ये पडून सल्ले द्यायचे नाहीत. संध्याकाळचा स्वयंपाक, कपडे, पाहुणे हे आईच्या डोक्यावर ठेवू नका. आणि 'आमच्या वेळी नव्हतं असं काही' हे वाक्य कृपा करून नको.

पुढे बाळावर याचा काही परिणाम राहतो का?

कॉलिक असलेली बाळं पुढे इतर मुलांसारखीच वाढतात, बुद्धीवर, स्वभावावर कायमचा परिणाम होतो असं नाही. मोठेपणी मायग्रेन असलेल्या मुलांमध्ये लहानपणी कॉलिक होतं असं जास्त आढळलंय, पण त्याची चिंता आत्ता करण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

तीन चार दिवसांची नोंद, रडणं किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, आधी दूध कधी दिलं, शी-शू किती वेळा. फोनवर एक व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचल्यावर बाळ हमखास शांत असतं आणि रडणं कसं होतं ते शब्दांत सांगता येत नाही. आधीच्या वजनांची नोंद न्या, दिलेली सगळी औषधं आणि ड्रॉप्स न्या, कोणी लपूनछपून काही चाटवलं असेल तर तेही विचारून घ्या. आणि बाळ ४ महिन्यांचं झालं तरी रडणं उतरलं नाही, किंवा एकदा थांबून परत सुरू झालं, तर आधी तपासलं होतं म्हणून गप्प बसू नका, परत दाखवा.